जंतू हातावर, दोष झाडूवर

दवाखान्यात पेशंटची जखम चिघळली की खापर दोनच डोक्यांवर फुटतं. एक वॉर्ड पुसणाऱ्या मावशीचं, दुसरं पेशंटच्या घरच्यांचं. राउंड घेऊन गेलेल्या डॉक्टरांच्या हातांबद्दल कुणी ब्रसुद्धा काढत नाही. मित्रांनो, हा योगायोग नाही. घाण खालून येते आणि वरच्यांचा हात मुळातच शुद्ध असतो, हा जुना समज पांढरा कोट घालून वॉर्डात फिरतो आहे.

मी समाजशास्त्राचा विद्यार्थी, डॉक्टर नाही. पण यातलं विज्ञान समजायला डॉक्टर असावं लागत नाही. दवाखान्यात लागणाऱ्या संसर्गामागे बहुतेकदा ठरावीक जिवाणू असतात: क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्युडोमोनास, स्टॅफिलोकोकस ऑरियस. ॲसिनेटोबॅक्टर खाटेच्या कोरड्या दांडीवरही कित्येक दिवस, कधी कधी आठवडे तग धरतो. स्युडोमोनासला ओल आवडते, म्हणून तो बेसिनमध्ये आणि नळाच्या तोंडाशी सापडतो. लघवीची नळी, सलाइनची सुई, व्हेंटिलेटर, ऑपरेशनची जखम या त्यांच्या शरीरात शिरायच्या वाटा. आणि एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर त्यांना पोचवणारं मोठं वाहन म्हणजे तपासणाऱ्याचे, ड्रेसिंग करणाऱ्याचे न धुतलेले हात. जागतिक आरोग्य संघटनेचा 2022 चा अहवाल सांगतो की भरती झालेल्या दर 100 रुग्णांपैकी श्रीमंत देशांत 7 जणांना, तर गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत 15 जणांना असा संसर्ग होतो. त्या बाधितांपैकी सरासरी दहातला एक दगावतो.

हे 1847 पासून माहीत आहे. व्हिएन्नाच्या दवाखान्यात बाळंतिणींचे दोन विभाग होते, एक डॉक्टरांचा आणि एक सुईणींचा. बायका जास्त मरत होत्या त्या डॉक्टरांच्या विभागात! कारण ते मढी चिरून थेट बाळंतिणीला तपासायला येत. इग्नाझ सेमेलवाइसने त्यांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि एप्रिलमध्ये 18 टक्क्यांवर असलेले मृत्यू जूनपर्यंत 2 टक्क्यांच्या आसपास आले. तरी मोठमोठे डॉक्टर त्याच्यावरच उखडले. सभ्य माणसाचा हात घाण असू शकतो, हे ऐकून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. आपल्याकडे अनेक गावांत सुईणपण दलित बायांनी केलं आणि तरी अस्पृश्य त्याच ठरल्या, हेही इथे आठवावं.

आता वेल्ह्यातल्या पासलीकडे या. तिथल्या एका बाईचं पुण्यातल्या एका दवाखान्यात सिझर झालं. घरी आल्यावर टाक्यांत पू झाला. परत नेलं तर ऐकवलं गेलं, "तुमच्या लोकांत स्वच्छता नसते." मी सोबत होतो. ऑपरेशनच्या जखमेतला संसर्ग 30 दिवसांपर्यंत वर येऊ शकतो, म्हणून वैद्यकशास्त्र तो दवाखान्याच्या खात्यावर मोजतं. पण घर डोंगरात, त्यातही आपल्या वस्तीत असलं की हिशोब बदलतो. पेशंट घरी गेला, दवाखाना मोकळा.

पासलीवरून केळदला गेलं की मढे घाट लागतो. खाली उतरलं की महाड. त्याच महाडात मार्च 1927 मध्ये बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले आणि सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या 108 घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं. स्वच्छ पाण्यात शेण कालवणं म्हणजे शुद्धी! शुद्धता आणि स्वच्छता यांचं इतकं उघड वैर दुसरीकडे क्वचितच दिसेल.

या मनोवृत्तीचा ताजा नमुना नांदेडचा. ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले, त्यात 12 नवजात बाळं. ते संसर्गाने गेले असं मी म्हणत नाही. औषधांच्या आणि मनुष्यबळाच्या टंचाईचे आरोप झाले, प्रशासनाने ते फेटाळले. पण तेव्हाचे खासदार हेमंत पाटील तिथे पोचले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांना संडास साफ करायला लावला. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, तो योग्यच. पण पुढचा प्रश्न सोशल मीडियाच्या गदारोळात विरून गेला. संडास साफ करणं ही शिक्षा कशी काय? अधिष्ठात्याच्या हातात ब्रश देणं म्हणजे अपमान असेल, तर रोज तोच ब्रश धरणाऱ्या मावशीचं आपण काय चालवलंय?

ही मावशी बहुतेक ठिकाणी ठेकेदाराची असते आणि बहुतेकदा आपल्यातलीच. संसर्ग रोखण्याच्या कामातला ती कणा आहे. कोणतं जंतुनाशक किती पाण्यात घालायचं, संडासाचा पोचा वॉर्डात का आणायचा नाही, हे कौशल्य आहे. ते तिला शिकवायचं नाही, हातमोजे द्यायचे नाहीत आणि वॉर्ड घाण दिसला की तिलाच झापायचं! 2016 चे जैववैद्यकीय कचरा नियम स्पष्ट आहेत. कचरा हाताळणाऱ्याला प्रशिक्षण, संरक्षक साधनं, हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी मिळालीच पाहिजे.

तेव्हा 14 एप्रिलला फळवाटप करायला दवाखान्यात जाणाऱ्या मंडळांनी यंदा माहितीच्या अधिकाराचा एक अर्जही सोबत न्यावा. सफाई कर्मचाऱ्यांची मंजूर पदं किती, भरलेली किती, ठेक्यावर किती? त्यांच्यापैकी किती जणांना लस दिली, तारखेसह. संसर्ग नियंत्रण समितीच्या गेल्या वर्षभरातल्या बैठकांची इतिवृत्तं. ऑपरेशननंतर संसर्ग झालेल्या रुग्णांची महिनावार संख्या. आणि वॉर्डात किती बेसिन आहेत, त्यातल्या किती नळांना पाणी येतं.