क्षेत्रसभा बोलवा!

मुंबईत जवळपास चार वर्षे, तर नवी मुंबई, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगरात पाच वर्षांहून अधिक काळ निवडणुका न झाल्याने महापालिकेची सभागृहे ओस पडली होती आणि कारभार प्रशासकांच्या हाती होता. अखेर सर्वोच्च न्यायालयाने कान धरल्यावर १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महापालिकांसाठी मतदान झाले. दुसऱ्या दिवशी निकाल लागला आणि त्याबरोबर जे राजकारण सुरू झाले, ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. मुंबईत निवडून आलेले नगरसेवक पंचतारांकित हॉटेलात नेऊन ठेवले गेले, महापौरपदाच्या आरक्षण सोडतीवरून वाद झडले, स्थायी समितीच्या चाव्या कोणाकडे जाणार याची गणिते मांडली गेली. ज्या मतदाराने रांगेत उभे राहून या सर्वांना निवडले, त्याला महापालिकेच्या कारभारात जागा कुठे, हा प्रश्न मात्र या गदारोळात ऐकू आला नाही. ती जागा कायद्याने दिलेली आहे. तिचे नाव क्षेत्रसभा.

प्रशासकराजाने काय केले, हे आधी नीट लक्षात घ्यावे. महापालिकेचे अंदाजपत्रक आयुक्ताने स्थायी समितीला सादर करायचे, समितीने त्यात फेरफार सुचवायचे आणि मग सर्वसाधारण सभेने मंजुरी द्यायची, हा शिरस्ता. मोठ्या खर्चाचे प्रस्ताव आणि निविदाही स्थायी समितीसमोर येतात. शाळांसाठी शिक्षण समिती, स्थानिक कामांसाठी प्रभाग समित्या, आणि शहराच्या स्वभावानुसार आणखी काही. ७ मार्च २०२२ नंतर मुंबईत हे सारे अधिकार एकाच अधिकाऱ्याच्या हाती गेले. २०२५-२६ चे ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचे अंदाजपत्रक आयुक्तानेच मांडले आणि प्रशासक म्हणून त्यानेच मंजूर केले. एवढ्या पैशाचा हिशेब विचारायला समोर लोकनियुक्त असा एकही माणूस नव्हता. लोकशाहीचा याहून मोठा अवमान कोणता?

समित्या आता पुन्हा उभ्या राहत आहेत, हे चांगलेच आहे. पण समिती बसली म्हणजे नागरिकाचा आवाज आत पोहोचला, असे समजण्याचे कारण नाही. आजवरचा अनुभव तसा नाही. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली आणि तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. आपल्या राज्याच्या कायद्याने या समित्यांवर त्या भागातील नगरसेवकांबरोबर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नेमण्याची सोय केली. हेतू उत्तम होता. पण नेमणूक नगरसेवकांच्याच हाती राहिली. त्यामुळे या जागा पक्षाच्या कार्यकर्त्यांची सोय लावण्यासाठी वापरल्या जातात, ही तक्रार शहरोशहरी ऐकू येते आणि तिच्याकडे कोणीही लक्ष देत नाही.

खेड्यातला नागरिक या बाबतीत शहरातल्या नागरिकापेक्षा नशीबवान. ७३ व्या घटनादुरुस्तीने त्याला ग्रामसभा दिली. सरपंचाला समोर बसवून विहिरीचा, रस्त्याचा, लाभार्थ्यांच्या यादीचा जाब विचारण्याचा हक्क त्याला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाने तर गावात आम्हीच सरकार, असे ठणकावून सांगितले आणि जंगलावरचा आपला हक्क ग्रामसभेच्या बळावर मिळवून दाखवला. शहरासाठी घटनेत अशी सभा नाही. ही उणीव भरून काढण्यासाठीच केंद्राने नागरी नूतनीकरणाच्या निधीबरोबर लोकसहभागाच्या कायद्याची अट घातली आणि महाराष्ट्राने २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद केली. प्रभागाचे छोटे छोटे भाग पाडायचे, काही मतदान केंद्रांचे मतदार म्हणजे एक क्षेत्र. त्या क्षेत्राची सभा नगरसेवकाने बोलवायची. दोन वर्षांत किमान चार सभा झाल्याच पाहिजेत, न घेणाऱ्याचे पद जाऊ शकते, इथपर्यंत कायदा गेला.

आणि तिथेच थांबला. क्षेत्रांची आखणी झाली नाही, म्हणून सभा नाहीत. सभा नाहीत, म्हणून कोणाचे पदही जात नाही. पुण्यातल्या नागरिक संघटना वर्षानुवर्षे क्षेत्रसभेसाठी पत्रे लिहीत आहेत. त्या पत्रांना केराची टोपली दाखवली गेली. सरकारे बदलली, सगळे पक्ष आलटून पालटून सत्तेत बसले, पण लोकांना समोर बसवून हिशेब देण्याची वेळ येऊ नये, यावर सर्वांचे एकमत राहिले. निधीसाठी कायदा केला आणि निधी मिळाल्यावर तो बासनात गुंडाळून ठेवला. ही लोकांची शुद्ध फसवणूक आहे.

त्यात बहुसदस्यीय प्रभागांची भर. मुंबई वगळता इतर महापालिकांत ही पद्धत आहे. पुण्यात ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडले जातात. २०११ ची जुनी जनगणना धरली, तरी एका प्रभागात सरासरी ऐंशी हजारांहून अधिक माणसे येतात. गटार तुंबले तर चौघांपैकी कोणाचे दार ठोठावायचे? प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवणार. छोट्या क्षेत्राची सभा याच ठिकाणी हवी, कारण तिथे चौघांनाही एकाच वेळी उभे करून विचारता येईल.

हे होऊच शकत नाही, असे कोणी सांगू नये. तमिळनाडूकडे पाहा. चेन्नईनेही २०१६ ते २०२२ अशी पाचहून अधिक वर्षे लोकनियुक्त सभागृहाविना काढली. त्यांचेही निवडणुकीचे घोडे आपल्यासारखेच अडले होते. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये निवडणूक झाल्यावर तिथल्या सरकारने त्याच वर्षी प्रभाग समित्या आणि क्षेत्रसभांचे नियम केले, सभांचे दिवस ठरवून दिले आणि १ नोव्हेंबर २०२२ रोजी मुख्यमंत्री स्टॅलिन स्वतः तांबरम महापालिकेतील पम्मल येथे क्षेत्रसभेला जाऊन बसले. तिथे सारे आलबेल आहे, असे नाही. पण सभा बोलवण्यास सरकार बांधील आहे, हे तरी तिथे मान्य झाले. आपल्याकडे वसई-विरार आणि पिंपरी-चिंचवडसारखी पसरत जाणारी शहरे आहेत. शहर पसरत जाते तसे निर्णय घेणारे कार्यालय लोकांपासून दूर जाते. अशा कडेच्या वस्त्यांनाच क्षेत्रसभेची गरज सर्वांत जास्त.

क्षेत्रसभा सुरू होईपर्यंत नागरिकांनीही हातावर हात धरून बसू नये. पुण्यात २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेतली जातात. क्षेत्रीय कार्यालयात जाऊन अर्ज भरा आणि सुचवलेल्या कामाचे काय झाले, हेही विचारा. २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत स्थानिक कार्यालयांतील कागदपत्रे पाहता येतात. आपल्या रस्त्याच्या कामाची फाइल मागून बघा. समितीचे ठराव आणि इतिवृत्त माहिती अधिकारात मागा. एकट्याने गेल्यास टोलवाटोलवी होते, म्हणून सोसायटीने, मोहल्ल्याने, वस्तीने मिळून जा. पण हे सारे मागून घेण्याचे मार्ग आहेत. हक्काने बसण्याची जागा क्षेत्रसभाच आहे.

नगरविकास खात्याने क्षेत्रांच्या आखणीची अधिसूचना काढावी आणि त्यासाठी महिने लावू नयेत. मतदार याद्या आणि मतदान केंद्रे हाताशी आहेत. प्रत्येक महापालिकेने क्षेत्रसभांचे वेळापत्रक जाहीर करावे. आणि जानेवारीत ज्यांनी दारोदार हात जोडले, त्या नगरसेवकांनी पहिली सभा पावसाळ्यापूर्वी बोलवावी, म्हणजे नालेसफाईचा हिशेब नाले तुंबण्याआधी देता येईल. आखणीची वाट पाहण्याचेही कारण नाही. आपल्या मतदारांना शाळेच्या पटांगणात बोलावण्यापासून नगरसेवकाला कोणताही कायदा अडवत नाही. जो बोलावणार नाही, त्याला मतदारांनी पुढच्या निवडणुकीपर्यंत दर महिन्याला एकच प्रश्न विचारावा: क्षेत्रसभा कधी?