देयकाची फाईल आणि विश्वास

शासन आणि उद्योजक यांच्यात विश्वास का नाही, असा प्रश्न परिसंवादांतून नेहमी विचारला जातो आणि उत्तरादाखल ठेकेदारांच्या लबाडीचे दाखले दिले जातात. तीस वर्षांच्या सेवेनंतर माझा निष्कर्ष वेगळा आहे. पहिला विश्वासघात बहुधा आमच्याकडूनच होतो.

महाराष्ट्राबाहेरील एका नेमणुकीत एका लहान पुरवठादाराचे देयक सात महिने अडकले होते. माल उत्तम होता, स्वीकृतीची नोंदही होती. तरी प्रत्येक टेबलावर नवी शंका निघे. त्यांतील एक शंका माझी होती. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा पुरवठादारास ४५ दिवसांत पैसे न मिळाल्यास बँक-दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. त्या गृहस्थाने ते मागितले नाही. पुढची निविदा मात्र त्याने भरली नाही.

यात तोटा कोणाचा? जे उरतात ते दिरंगाईचा खर्च दरात आधीच धरतात, अथवा मालात वसूल करतात. गुणवत्तेची पारख न होणाऱ्या बाजारातून चांगला माल हद्दपार होतो, हे अर्थशास्त्रज्ञ अकरलॉफ यांनी १९७० मध्येच दाखवले. मग सर्वांत कमी दर स्वीकारल्याचे समाधान आम्ही कोणत्या तोंडाने मानावे?

विश्वास टाकला तर लूट होईल, असे सहकारी म्हणतात. पण विश्वास म्हणजे डोळेझाक नव्हे. तपासणी कठोर असावी; मात्र ती एकदाच व्हावी आणि मुदतीत व्हावी. बांधकामांच्या चालू देयकाची किमान ७५ टक्के रक्कम दहा कामकाजाच्या दिवसांत द्यावी, असे अर्थ मंत्रालयाने २०२१ मध्येच सांगितले आहे. अप्रामाणिक हेतूच्या पुराव्याविनाही अधिकाऱ्यास गोवू शकणारी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील तरतूद २०१८ मध्ये वगळली गेली. म्हणजे नियम आहेत आणि संरक्षणही आहे. तरीही देयक अडवणाऱ्यास कोणी जाब विचारत नाही आणि तत्परतेने देणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाते. खरी मेख इथे आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. विलंबाचे व्याज न मागता द्यावे आणि ते ज्या टेबलामुळे द्यावे लागले, त्याची नोंद संबंधित अधिकाऱ्याच्या वार्षिक मूल्यमापन अहवालात व्हावी. हा नियम तेव्हा असता, तर पहिली नोंद माझ्या नावावर झाली असती आणि ती न्याय्यच ठरली असती.