चूक चालकाची, मग प्रवाशाने गप्प का बसावे?



पुणे-सातारा रस्ता शिवऱ्याच्या दारातून जातो. 2010 साली त्याच्या सहापदरीकरणाचे काम सुरू झाले, रस्ता रुंद झाला आणि गाड्यांचा वेगही वाढला. बाजार, दवाखाना, कोर्टकचेरी, लग्नकार्य, सगळ्याला आपल्याला हाच रस्ता. कुणी एसटीने जातो, कुणी भाच्याच्या मोटारीत बसतो, कुणी वडापच्या जीपला लटकतो. अपघात झाला की दोन्ही चालक एकमेकांवर चूक ढकलतात आणि पाय मोडलेला प्रवासी मात्र ‘नशिबाचा भोग’ म्हणून घरी येऊन पडतो. दवाखान्यासाठी दागिने मोडतात, प्रसंगी जमीन गहाण पडते. हे आम्हाला मान्य नाही.

आमचे म्हणणे सरळ आहे. गाडीत बसलेल्या माणसाच्या हातात ना स्टिअरिंग, ना ब्रेक. दोन गाड्यांची टक्कर झाली आणि चूक दोघांची निघाली, तरी प्रवाशाला दोघांपैकी कोणाही एकाकडून पूर्ण भरपाई मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली स्पष्ट केले आहे. त्यांची वाटणी त्यांनी आपापसात करावी. आपण त्यांच्या भांडणात कशाला अडकायचे?

सभासद म्हणतात, “अहो, गाडी आपल्याच पाहुण्याची. त्याच्यावर केस कशी घालायची?” बंधूंनो, कागदावर पाहुण्याचे नाव येते खरे, पण विमा लागू असेल तर पैसे विमा कंपनी देते. तिने हप्ता याचसाठी घेतलेला असतो. मात्र एक गोष्ट पाहून ठेवा. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत खाजगी मोटारीत बसलेला पाहुणा किंवा मोटारसायकलवर मागे बसलेला माणूस धरलेला नसतो. पॅकेज पॉलिसीत तो येतो. चार पैसे वाचवायला थर्ड पार्टीच काढणाऱ्यांनी आपल्या शेजारी कोण बसते ते आठवावे. समोरच्या गाडीची चूक असेल, तर तिच्या विम्याकडे दाद मागण्याचा हक्क या प्रवाशालाही आहेच.

आता आपल्या स्वतःच्या दाराशी येऊ. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर दोघे, ट्रॉलीत वऱ्हाड किंवा जत्रेची मंडळी, हे चित्र आपल्याकडे नवीन नाही. मालवाहू गाडीत मालासोबत बसलेला मालाचा मालक किंवा त्याचा माणूस 1994 च्या दुरुस्तीपासून विम्यात धरला आहे. पण नुसत्या बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली दिला. मग भरपाई कोण देणार? ट्रॅक्टरचा मालक, म्हणजे आपल्यापैकीच कोणी तरी. जखमी आपलाच, देणेकरीही आपलाच. वडापच्या जीपचेही तसेच. परवान्यापेक्षा जास्त माणसे कोंबली, तर कंपनीची जबाबदारी परवान्यातल्या संख्येपुरतीच राहते, हे 2007 च्या निकालाने ठरले आहे.

भरपाई म्हणजे केवळ दवाखान्याचे बिल नव्हे. बुडालेली मजुरी, पुढे कमी होणारी कमाई, औषधोपचार, सोसलेल्या वेदना, हे सारे मागता येते. डॉक्टरने दाखल्यावर लिहिलेली टक्केवारी म्हणजेच कमाईचे नुकसान असे नाही. त्या माणसाचा धंदा काय, हे पाहिले पाहिजे, असे न्यायालयाने 2010 साली सांगितले. गुडघा न वाकणारा कारकून खुर्चीत बसून काम करील. गुडघा न वाकणारा शेतकरी दारे कसे धरील? घरातल्या बाईच्या कामालाही मोल आहे, तिच्या दुखापतीचा दावा सोडू नये.

मुदतीचे मात्र डोक्यात ठेवा. 1 एप्रिल 2022 पासून अपघातानंतर सहा महिन्यांत दावा दाखल करावा असा कायदा आहे. या मुदतीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली गेली आहे, पण त्या भरवशावर कोणी बसू नये. आडसाली ऊस तुटायला दीड वर्ष लागते, इथे सहाच महिने आहेत. दावा अपघाताच्या ठिकाणच्या किंवा आपण राहतो तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करता येतो. म्हणजे अपघात परमुलखात झाला तरी आपल्याला पुण्यात दाद मागता येते.

म्हणून पहिल्या दिवसापासून कागद जपावेत: फिर्याद व पंचनाम्याची नक्कल, दोन्ही गाड्यांचे नंबर, विम्याचा तपशील, दवाखान्याची प्रत्येक पावती, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड. दवाखान्यात खाटेवर पडलेल्या माणसाकडून कोणी ‘तडजोडी’च्या कोऱ्या कागदावर सही मागितली, तर देऊ नये. मे 2025 पासून केंद्राच्या योजनेत ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची सोय आहे. ती दाखल होतानाच विचारावी.

शेवटी आमच्या दोन सूचना. एक, गट कार्यालयात अशा दाव्यांची माहिती देणारा एक जाणता माणूस ठेवावा. वार्षिक सभेत साखर उताऱ्याबरोबर हाही विषय निघावा. दुसरी, ट्रॉलीत माणसे बसवणार नाही, असे आपणच ठरवावे. हक्क मागायचा तर आपले घर आधी नीट असावे. यावर सभासदांनी आपली मते जरूर कळवावीत.