सही माझी, मीटिंग मालकांची!

मैत्रिणींनो, तुम्ही शाळेच्या समितीत आहात का? नीट आठवून सांगा. परवा हिंगोली जिल्ह्यातल्या एका खेड्यात हाच प्रश्न विचारला, तर एक सूनबाई पदर सावरत हसली. ‘हाय की ताई! वहीवर सही मी करते, मीटिंगला मालक जातात.’

हसू आलं, वाईटही वाटलं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात, असं तो सांगतो. शाळेचा विकास आराखडा करणं, अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं हे समितीचं काम. मग आपण सहीपुरत्याच का?

दोष नुसता मालकांचा नाही. मीटिंग भरदुपारी, तेव्हा ती रानात. हळद काढणीच्या दिवसांत तर मान वर करायला फुरसत नसते. शाळेला आयांची साथ हवी, तर वेळही त्यांच्या सवडीची हवी.

आणि त्यांची गरज आहेच. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात, लेकरांची शाळा सुटते. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. पण कोणत्या घराला कुलूप लागणार, कोणतं लेकरू आजीपाशी राहू शकेल, हे गुरुजींच्या आधी शेजारणीला कळतं. तिनं मीटिंगमध्ये वेळेवर सांगितलं, तर त्या लेकराचं वर्ष वाचेल.

तेव्हा पुढची सही करण्याआधी वही वाचायला मागा. वाचता येत नसेल, तर लेकीकडून वाचून घ्या. तिला शाळेत घातलंय ते त्यासाठीच ना?