विज्ञान-विचार : एके जागीं तरंगणारें हेलिकॉप्टर

हेलिकॉप्टर आकाशांत एके जागीं तरंगत असलें, म्हणजे तें स्वस्थ उभें आहे असें पाहणारास वाटतें. वस्तुतः वैमानिकाच्या हातापायांस त्या वेळीं क्षणाचीहि उसंत नसते.

नावेंतून कांठावर उडी घेतली कीं नाव मागें सरते. त्याच न्यायानें माथ्यावरील मोठा पंखा एका दिशेस फिरूं लागला, कीं खालचें धड उलट दिशेस फिरूं पाहतें. तें आवरण्याकरितां शेपटीस छोटा उभा पंखा लावितात. इगॉर सिकॉर्स्की यांनीं १९३९ सालीं अमेरिकेंत जमिनीवरून उचललेल्या यंत्रांत हीच योजना होती.

परंतु धडाचें गरगरणें थांबलें, तरी शेपटीच्या पंख्याचा एकेरी रेटा शिल्लक उरतो व सबंध यंत्र बाजूस सरकूं लागतें. बहुतेक अमेरिकन यंत्रें उजवीकडे सरकतात. फ्रेंच आराखड्यावरून भारतांत बांधलेलें 'चेतक' डावीकडे, कारण त्याचा मोठा पंखा उलट फिरतो.

यास्तव वैमानिक हातांतील दांडा किंचित् विरुद्ध बाजूस झुकवून धरतो. मोठ्या पंख्याची उचल तिरपी होऊन रेट्याची फेड होते. म्हणूनच यंत्र बहुधा एका कुशीवर थोडें कललेलें दिसतें.

उड्डाणाच्या आरंभीं हें व्यवधान सुटलें आणि सरकत्या बाजूचा पाय चिखलांत वा दगडांत अडकला, तर यंत्र त्या पायाभोंवतीं उलथूं लागतें. अशा समयीं तत्काळ उचल कमी करून तें खालीं टेकवावें. थोडें अधिक कलल्यावर कोणताच उपाय चालत नाहीं.

पुढें कधीं हेलिकॉप्टर तरंगतांना दृष्टीस पडल्यास, तें कोणत्या कुशीवर कललें आहे हें घरांतील मुलांनीं अवश्य पाहावें.