परमुलखातील ताट आणि आपली खानावळ

मुलगा परदेशी निघाला की घरात दोन चिंता शिरतात. एक वडिलांची, ती पैशाची. दुसरी आईची, ती जेवणाची. वडिलांच्या चिंतेवर बँक उत्तर देते. आईच्या चिंतेवर उत्तर देणारी बँक अद्याप निघालेली नाही. म्हणून सामानाच्या वजनाचे गणित मोडून भिवापुरी तिखटाची पुडी, मुगवड्या आणि लोणच्याची बरणी कपड्यांच्या घड्यांत दडविली जाते.

आजवर ही दृश्ये पुण्या-मुंबईच्या घरांची मानली जात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळासंबंधी करार झाला, दहा हजार तरुण-तरुणींना तेथे पाठविण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले आणि परिचर्या, वीजकाम, नळकाम, वाहनचालन अशा व्यवसायांतील मुलांसाठी जर्मन भाषेचे वर्ग ही चर्चेची बाब झाली. उद्दिष्ट किती आणि केव्हा गाठले जाईल, हा स्वतंत्र विषय आहे. परंतु भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील कोंढ्यासारख्या गावातही स्टुटगार्ट हे नाव आता केवळ नकाशावरचे राहणार नाही, एवढे निश्चित. मग कोंढ्याच्या आईने विचारलेला प्रश्न गंभीरपणेच घेतला पाहिजे. तिकडे दुपारी पोरगा जेवेल काय, आणि कोणाच्या पंक्तीला?

स्टुटगार्ट ही बाडेन-वुर्टेम्बर्गची राजधानी. मोटारींच्या कारखान्यांसाठी ती जगभर प्रसिद्ध आहे. परंतु तेथे दुपारी बारा वाजता जे दिसते ते यंत्रयुगाच्या आपल्या कल्पनेत बसणारे नाही. साध्या भोजनगृहांच्या दाराशी फळा लागतो. त्यावर खडूने त्या दिवसाचा पदार्थ आणि त्याची किंमत लिहिलेली असते. यास तेथे ‘मिटाग्सटिश’, म्हणजे दुपारची पंगत, म्हणतात. दुपारी दोनच्या सुमारास फळा पुसला जातो. खाटकाच्या दुकानातही एका कोपऱ्यात उभ्याने जेवण्याची सोय असते. कचेरीतील अधिकारी आणि रस्त्यावर काम करणारा मजूर एकाच बाकावर बसतात. रिकामी खुर्ची दिसली की ‘ही जागा मोकळी आहे का?’ एवढे विचारायचे आणि अनोळखी माणसाशेजारी बसायचे. दुपारी भेटणारी माणसे एकमेकांना ‘माल्झाइट’ म्हणतात. ‘भोजन मंगल असो’ अशा अर्थाच्या जुन्या आशीर्वचनाचे हे संक्षिप्त रूप. भोजनमंत्रावाचून घास न उचलण्याचा संस्कार झालेल्या स्वयंसेवकाला हे परके वाटण्याचे कारण नाही.

ताटात काय असते? तेथील श्वाबेन प्रांताचे आवडते जेवण म्हणजे मसूर आणि ‘श्पेट्झले’. श्पेट्झले म्हणजे गहू आणि अंडे यांच्या मऊ शेवया. सोबत व्हिनेगरने आंबटसर केलेली मसुराची घट्ट उसळ. त्यावर सॉसेजची जोडी ठेवण्याची पद्धत आहे; शाकाहारी माणसाने ती आधीच नको म्हणून सांगावी आणि उसळीत मांसाचा तुकडा शिजविला आहे काय, हेही विचारून घ्यावे. दुसरा पदार्थ ‘माउलटाशे’. आपल्या करंजीच्या कुळातला, पण उकडलेला आणि पोटात खिमा व पालक भरलेला. उपवासाच्या दिवसांत देवाच्या दृष्टीस मांस पडू नये म्हणून माउलब्रोनच्या मठातील साधूंनी ते पिठात लपविले, अशी त्याची कथा गमतीने सांगितली जाते. त्याची बिनमांसाची आवृत्तीही मिळते. थोडक्यात, उपाशी राहण्याचा प्रसंग येत नाही. आपल्या पथ्याचा निःसंकोच उच्चार केला तर समोरचा हसत नाही. न लाजणाऱ्याचा मान तेथेही राहतो.

परंतु एवढ्यावर समाधान मानून थांबण्याजोगा हा विषय नाही. त्या ताटातील दोन गोष्टी आपल्याला अंतर्मुख करणाऱ्या आहेत.

पहिली गोष्ट त्या मसुराची. श्वाबेनच्या डोंगराळ पठारावर पिकणारा हा मसूर १९६०च्या दशकात शेतांतून नाहीसा झाला. स्वस्त आयात माल मिळू लागला, तेव्हा कमी उत्पन्नाचे पीक कोण घेणार? पुढे १९८०च्या दशकात तेथील एका शेतकरी कुटुंबाने मसुराची शेती पुन्हा आरंभिली, पण मूळ वाण कोणाकडेच उरले नव्हते. अखेर २००६ साली ते सापडले रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बीजसंग्रहात. मूठभर बियाणे परत आले, अनेक शेतकरी एकत्र आले आणि आज भोजनगृहांच्या पत्रिकेत त्या मसुराचे नाव मानाने छापले जाते. माउलटाशेलाही २००९ साली युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण मिळाले. जे आपले आहे ते नावानिशी ताटात वाढायचे, हा तेथील साधा व्यवहार आहे. ते त्यास स्वदेशी म्हणत नाहीत. पण आचरण तेच आहे.

आता दृष्टी कोंढ्याकडे वळवावी. हा धानाचा मुलूख. वैनगंगेचे खोरे, मामा तलावांचा जिल्हा, चिन्नोरच्या सुगंधाची भूमी. शेजारच्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन लाभलेले. वैनगंगेपलीकडे चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे खेडे आहे. तेथे दादाजी खोब्रागडे नावाच्या अल्पभूधारक दलित शेतकऱ्याने १९८०च्या दशकात आपल्या शेतात वेगळी लोंबी पाहिली, तिचे बी जपले, वर्षानुवर्षे निवडले आणि त्यातून ‘एचएमटी’ हा तांदूळ जन्मला. त्या काळच्या लोकप्रिय मनगटी घड्याळावरून त्याला हे नाव पडले. मध्य भारतातील लक्षावधी घरांत तो शिजतो. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने त्यांचा गौरव केला. पण वाणाचा लाभ व्यापाऱ्यांनी घेतला आणि दादाजींच्या वाट्याला अखेरपर्यंत हालअपेष्टाच आल्या. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

विदर्भातील कोणत्याही बसथांब्याजवळच्या खानावळीत जाऊन पाहावे. भातात एचएमटी असतो. दादाजींचे नाव कोठेही नसते. फळ्यावर ‘चायनीज’ आणि ‘पनीर मसाला’ झळकतो. चिन्नोर, पाटवडी, अंबाडीची भाजी यांचा उल्लेख नसतो. घरी जे रोज आवडीने खातो ते पाहुण्यापुढे ठेवण्यास आपण लाजतो. नागपूरच्या विणकर समाजाने आपल्या घरातील तिखट रस्सा ‘सावजी’ या नावाने निःसंकोच विकला, तेव्हा तो विदर्भाची ओळख बनला. ही उलट साक्ष डोळ्यांपुढे असूनही आपण शिकलो नाही.

दुसरी गोष्ट पंक्तीची, आणि ती अधिक मोलाची आहे. स्टुटगार्टच्या बाकावर शेजारी बसणाऱ्याला आडनाव विचारण्याची प्रथा नाही. आपल्याकडे हा धडा कोणी दिला नव्हता असे नाही. १ मे १९३३ रोजी रत्नागिरीत स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या प्रेरणेने अखिल हिंदू उपाहारगृह सुरू झाले. पूर्वास्पृश्यांसह सर्व हिंदूंनी एकत्र बसून खावे, हा त्याचा हेतू होता. भेटीस येणाऱ्याने आधी तेथे चहा घ्यावा, असा तात्यारावांचा आग्रह असे, असे सांगतात. सहभोजनाचे व्याख्यान देणे सोपे. परंतु चहाचा पेला हातात घेताना माणसाची खरी परीक्षा होते, हे त्यांनी ओळखले होते. मे १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरसांनी अस्पृश्यतेवर निःसंदिग्ध आघात केला, तो याच परंपरेतला. असे असूनही गावाकडच्या लग्नांत आणि महाप्रसादांत वेगळ्या पंगतीची कुजबुज आजही ऐकू येते. दादाजींच्या हातचे धान चालते, परंतु त्यांच्या वस्तीतील माणसाच्या हातचा भात चालेल काय? प्रश्न कटू आहे. स्वतःला हिंदुत्वनिष्ठ म्हणविणाऱ्यांनीच तो प्रथम स्वतःला विचारला पाहिजे.

येथे कोणी म्हणेल, खानावळ हा शासनाचा विषय आहे. शासनाचे प्रयोग झालेले आहेत. १९९५ साली युतीच्या शासनाने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे उघडली. हेतू उदात्त होता. परंतु एक रुपयात खर्च भागत नव्हता, सारा भार अनुदानावर होता, आणि मोक्याच्या जागा मिळविणाऱ्यांपैकी अनेकांचे लक्ष भाकरीपेक्षा जागेवर होते. बऱ्याच केंद्रांतून झुणका-भाकर गेली आणि इतर पदार्थ आले. सत्तांतरानंतर योजनाही गुंडाळली गेली. २६ जानेवारी २०२० पासून दुसऱ्या शासनाने दहा रुपयांची शिवभोजन थाळी आणली. तीही अनुदानाच्याच आधारावर. शासन बदलले तरी धडा बदलत नाही. ज्या ताटात रांधणाऱ्याची प्रतिष्ठा आणि कमाई नसते, ते ताट फार काळ भरलेले राहत नाही. याउलट १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातील खानावळवाल्या भगिनींना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. त्यांची वैचारिक वाट वेगळी होती. म्हणून त्या कामाचे मोल उणे ठरत नाही.

स्टुटगार्टच्या आसपास आणखी एक जुनी रीत आहे. द्राक्षे पिकविणारा शेतकरी वर्षातील काही महिने आपल्या घराच्या दाराशी झाडू टांगतो. झाडू दिसला की समजावे, येथे घरचे मद्य आणि साधे जेवण मिळेल. नियमाने घातलेली मर्यादा अशी, की वर्षात चार महिन्यांहून अधिक काळ हे चालवायचे नाही आणि चाळीसहून अधिक आसने ठेवायची नाहीत. त्यातील मद्य आपल्याला नको. पण कल्पना घेण्यासारखी आहे. कोंढ्यातील एखाद्या महिला बचत गटाने धानकापणीनंतरचे चार महिने, केवळ आठवडी बाजाराच्या दिवशी का होईना, वीस माणसांची पंगत मांडली तर? चिन्नोरचा भात, वरण, पाटवडीचा रस्सा, अंबाडीची भाजी, भिवापुरी मिरचीचा ठेचा. वाजवी किंमत, स्वच्छ जागा, फळ्यावर धान पिकविणाऱ्या शेतकऱ्याचे नाव. रांधणाऱ्या आणि वाढणाऱ्या भगिनी गावातील सर्व वस्त्यांमधल्या. त्यासाठी अनुदान लागत नाही. लागतात ते पहिले वीस जेवणारे.

आणि ते वीस कोण असावेत? गावातील शाखेचे स्वयंसेवक, शिक्षक, ग्रामपंचायतीचे सदस्य आणि त्यांची कुटुंबे. समरसतेवरील बौद्धिक ऐकून घरी जेवायला जाणे पुष्कळ झाले. एकदा बौद्धिक बाजूला ठेवून पंक्तीला बसावे.

परदेशी निघालेल्या मुलाला आईने लोणचे अवश्य द्यावे. त्यासोबत एवढेही सांगावे, की तिकडे कोणाच्याही शेजारी बसताना संकोच करू नकोस. मात्र हे सांगण्याचा अधिकार, मुलाने आपल्या आईला गावच्या पंक्तीत कोणाही शेजारी बसलेली पाहिले असेल, तरच तिला लाभेल.