साल १६२४, जानेवारीची पहिली तारीख



आपल्या घरगुती बैठकांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते. भारतातल्या मंदिर-मशीद वादावर बोलणे निघाले की कोणीतरी म्हणते, "युरोपने हा प्रश्न साडेतीनशे वर्षांपूर्वी निकालात काढला, आपण अजून तिथेच अडकलोय." त्यावर दुसरे कोणीतरी म्हणते, "त्यांनी आधी एकमेकांचा हिशेब पुरता चुकता केला आणि मग सहिष्णू झाले. आपल्यालाही आधी हिशेब चुकता करू द्या." मला ही दोन्ही वाक्ये चुकीची वाटतात, आणि दुसरे तर धोक्याचेही. मी ज्या डार्मश्टाटमध्ये राहते, तिथल्या राजघराण्याने आपल्या चुलत घराण्याशी हा हिशेब चुकता करायचा प्रयत्न १६०४ ते १६४८ असा चव्वेचाळीस वर्षे केला. काय झाले, ते सांगण्यासारखे आहे.

हेसेनचा लांडग्राफ, म्हणजे बादशहाखालचा संस्थानिक म्हणू या, फिलिप हा १५६७ मध्ये वारला. त्याने राज्य चार मुलांत वाटून टाकले. थोरल्याला कासेलसह निम्मे, दुसऱ्याला मारबुर्गसह चतकोर आणि धाकट्या दोघांना एकेक अष्टमांश. त्यातल्या शेवटच्या अष्टमांशाची राजधानी म्हणजे आमचे डार्मश्टाट. मधले दोघे भाऊ निपुत्रिक गेले. मारबुर्गवाल्याने १६०४ मध्ये मरताना मृत्युपत्रात लिहून ठेवले की माझा मुलूख कासेल आणि डार्मश्टाट यांनी निम्मा निम्मा घ्यावा, पण प्रजेचा लूथरपंथ बदलू नये. कासेलच्या मोरित्सने वर्षभरातच कॅल्विनपंथाच्या सुधारणा लागू केल्या. चर्चमधली चित्रे काढा, प्रसादाला पातळ चकती नको, खरी भाकरी मोडून द्या, असे हुकूम सुटले. १६०५ च्या ऑगस्टमध्ये मारबुर्गच्या चर्चमध्ये लोकांनी नव्या धर्मोपदेशकांना बदडून काढले.

चकती की भाकरी, यावर माणसे एकमेकांच्या जिवावर उठतात हे वाचून हसू येते खरे. पण हसण्याआधी आपले वेदोक्त प्रकरण आठवावे. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या घरी मंत्र कुठले म्हणायचे, एवढाच तर वाद होता! खालचा प्रश्न दोन्हीकडे एकच होता: इथे शब्द कोणाचा चालणार?

मारबुर्ग विद्यापीठातल्या ज्या लूथरपंथी प्राध्यापकांना हे मान्य नव्हते, ते बाहेर पडले. डार्मश्टाटने त्यांना जागा दिली आणि १६०७ मध्ये गीसेनचे विद्यापीठ उभे राहिले. पुढे दरबारी न्यायमंडळाने १६२३ मध्ये सगळा मारबुर्ग मुलूख डार्मश्टाटला देऊन टाकला. मग १६२५ मध्ये गीसेनचे विद्यापीठ बंद होऊन मारबुर्गला गेले, आणि युद्ध संपल्यावर, १६५० मध्ये, पुन्हा गीसेनला आले. संशोधन करणाऱ्या माणसाला राजाच्या पंथाप्रमाणे बिऱ्हाड हलवावे लागणे म्हणजे काय, याची कल्पना व्हिसा आणि कंत्राटांच्या तालावर गावे बदलणाऱ्या आपल्यातल्या पुष्कळांना थोडीफार येईल.

आता या 'धर्मयुद्धा'ची खरी गंमत पाहा. डार्मश्टाट लूथरपंथी, म्हणजे प्रॉटेस्टंट. पण तीस वर्षांच्या युद्धात ते प्राय: कॅथॉलिक बादशहाच्या बाजूने, कारण मारबुर्गचा निकाल त्याच्या दरबारातून हवा होता. कासेलही प्रॉटेस्टंटच. ते स्वीडनच्या आणि फ्रान्सच्या बाजूने, आणि फ्रान्सचे राज्य तर एका कार्डिनलच्या हाती. १६३७ मध्ये कासेलचा राजा वारला, मुलगा अज्ञान. त्याची विधवा आमाली एलिझाबेथ हिने कारभार हाती घेतला आणि फौजा अशा काही चालवल्या की १६४५ मध्ये मारबुर्ग परत कासेलच्या हातात आले. १६४८ च्या एप्रिलमध्ये दोन्ही घराण्यांत तह झाला. मारबुर्ग कासेलला, गीसेन डार्मश्टाटला. म्हणजे मृत्युपत्रातल्या निम्म्या निम्म्या वाटणीच्या जवळपास. तेवढ्यासाठी चव्वेचाळीस वर्षे आणि एक उजाड प्रदेश खर्ची पडला.

मराठी वाचकाला इथे ओळखीचा वास येईलच. राजाराम महाराज १७०० मध्ये गेल्यावर अज्ञान मुलाच्या नावाने औरंगजेबाशी लढत राहिलेल्या ताराबाई, १७०७ मध्ये सुटून आलेले शाहू, सातारा आणि कोल्हापूर अशी झालेली दोन घरे, आणि शेवटी १७३१ चा वारणेचा तह. तिथेही मोठे युद्ध मोगलांशी होते आणि त्याच्या पोटात भाऊबंदकी होती. तिथेही मोगलांच्या चाकरीत मराठे सरदार होते आणि मोगल फौजा घेऊन चालणारे रजपूत राजे होते. 'हिंदू विरुद्ध मुसलमान' एवढ्यावर या काळाचा उलगडा होत नाही, तसाच 'कॅथॉलिक विरुद्ध प्रॉटेस्टंट' एवढ्यावर हेसेनचाही होत नाही. आणखी एक साम्य. सातारा १८४८ मध्ये डलहौसीने खालसा केले, कोल्हापूर १९४९ पर्यंत टिकले. कासेल १८६६ मध्ये प्रशियाने गिळले, डार्मश्टाटची गादी १९१८ पर्यंत टिकली. दोन्हीकडे धाकटी पातीच जास्त जगली. हेसेनचे बरेचसे तुकडे पुन्हा एकत्र आले ते १९४५ मध्ये, अमेरिकन लष्करी प्रशासनाच्या हुकमाने. राजधानी झाली वीसबाडेन. ना कासेल, ना डार्मश्टाट.

या घराण्यांचा धर्माभिमान किती पक्का होता, तेही एकदा पाहून घ्यावे. ज्या गेऑर्ग दुसऱ्याने लूथरपंथाच्या नावाने मारबुर्गसाठी लढाई केली, त्याचीच मुलगी १६५३ मध्ये नॉयबुर्गच्या कॅथॉलिक घराण्यात पडली आणि कॅथॉलिक झाली. तिची एक मुलगी पुढे सम्राज्ञी झाली, दुसरी पोर्तुगालची राणी. म्हणजे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ज्याच्याकडून वसई घेतली, तो पोर्तुगालचा राजा पाचवा जुआंव हा आमच्या डार्मश्टाटच्या गेऑर्गचा पणतू! चकतीसाठी डोकी फुटली ती मारबुर्गच्या लोकांची. सोयरीक जुळवताना राजवाड्यात पंथ आड आला नाही.

असो. मुख्य मुद्दा १६४८ च्या ऑक्टोबरमधल्या वेस्टफालियाच्या तहाचा. त्या तहाने कासेलला हेर्सफेल्डचा मठ, शाउम्बुर्गचा भाग आणि सहा लाख थालर मिळाले, वगैरे वगैरे. ते सोडा. तहातले खरे महत्त्वाचे कलम तारखेचे होते. तीस वर्षांत कितीतरी चर्चे, मठ, शाळा, जमिनी दोन-दोन, तीन-तीन वेळा या पंथाकडून त्या पंथाकडे गेल्या होत्या. मूळ मालक कोण, हे ठरवायला बसले असते तर आणखी तीस वर्षे गेली असती. प्रॉटेस्टंटांना १६१८ हे साल हवे होते, कारण तेव्हा त्यांची पकड जास्त होती. बादशहाला १६२७ हवे होते, कारण तोवर त्याने बरेच जिंकले होते. घासाघीस होऊन ठरले १ जानेवारी १६२४. त्या दिवशी जे चर्च ज्या पंथाकडे होते, ते त्याचेच राहील. आधी काय होते ते विचारायचे नाही. त्या तारखेला विशेष असे काहीच घडलेले नव्हते. माझ्या मते तिचा गुण तोच: ती कोणाच्याच विजयाची तारीख नव्हती.

त्याला जोडून आणखी काही कलमे होती. राजाने नंतर पंथ बदलला तरी प्रजेवर सक्ती नाही. कासेलच्या युवराजाने गुपचूप कॅथॉलिक पंथ घेतल्याचे १७५४ मध्ये उघड झाले, तेव्हा बापाने त्याच्याकडून लेखी हमीच घेतली की राज्याचा पंथ तसाच राहील. साम्राज्याच्या सभेत धर्माचा प्रश्न बहुमताने सोडवायचा नाही. दोन्ही पक्षांनी वेगळे बसायचे आणि समझोत्यानेच निकाल करायचा. आणि मला सर्वात भावलेले कलम: वेगळ्या पंथाच्या माणसाला कारागिरांच्या संघातून, वारसाहक्कातून, इस्पितळातून वगळायचे नाही, आणि सार्वजनिक दफनभूमी तर मुळीच नाकारायची नाही. जातीवरून स्मशान नाकारल्याच्या बातम्या आपल्याकडे आजही येतात. १६४८ च्या वकिलांना हे कलमात लिहावेसे वाटले होते.

हा तह काही संतांनी केलेला नव्हता. कॅथॉलिक, लूथरपंथी आणि कॅल्विनपंथी एवढ्यांनाच मान्यता होती. ज्यू आणि इतर छोटे पंथ बाहेरच. बादशहाने स्वतःच्या खास मुलखाला, ऑस्ट्रिया आणि बोहेमियाला, १६२४ ची तारीख लागू होऊ दिली नाही. आणि १७३१ मध्ये साल्झबुर्गच्या आर्चबिशपने वीस हजारांच्या आसपास लूथरपंथीयांना हाकलले, तहातली मुदत न पाळता. यात न्याय होता असे मी म्हणणार नाही. पण जर्मनीत चर्च परत घेण्यासाठी तसे युद्ध पुन्हा पेटले नाही, हेही खरे.

आपल्याकडे अशी तारीख आहे. १९९१ च्या प्रार्थनास्थळ कायद्याने १५ ऑगस्ट १९४७ ही रेघ मारली. त्या दिवशी जे स्थळ ज्या धर्माचे, ते त्याचेच. अयोध्या वगळली, जशी बादशहाने आपली घरची जहागीर वगळली होती. २०१९ च्या अयोध्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचे जोरदार समर्थन केले. पण मे २०२२ मध्ये ज्ञानवापीच्या सुनावणीत, स्थळाचे स्वरूप नुसते तपासायला कायद्याची आडकाठी नाही, अशा अर्थाचे तोंडी मत न्यायासनावरून आले, आणि सर्वेक्षणाच्या मागण्यांना बळ मिळाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये संभलला सर्वेक्षणाच्या वेळी माणसे मेली. १२ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवे दावे नोंदवू नका आणि चालू दाव्यांत सर्वेक्षणाचे आदेश देऊ नका, असे अंतरिम बजावले. कायद्याच्या वैधतेवरचा मूळ प्रश्न त्याने सुटत नाही.

मला विचारतात, "तू शास्त्रज्ञ ना? मग खाली काय आहे ते मोजायला विरोध कसा करतेस?" मोजायला माझा विरोध नाही. खांब कुठल्या शतकातला हे तज्ज्ञाने सांगावे, लेख लिहावा, दुसऱ्या तज्ज्ञाने तो खोडावा. पण मोजमापाची मागणी ताब्याच्या दाव्याबरोबर येते तेव्हा प्रश्न खांबाच्या वयाचा उरत नाही. तिथे आज कोणी प्रार्थना करायची, हे कुठलेही उपकरण सांगू शकत नाही. आणि त्या उपकरणाचा आकडा दुसऱ्या दिवशी मिरवणुकीच्या फलकावर येतो.

डार्मश्टाटहून उत्तरेला वेट्झलारचे मोठे चर्च आहे. तिथे कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट एकाच छपराखाली आपापल्या वेळा वाटून प्रार्थना करतात, कित्येक पिढ्या. मराठी माणसाला हे अपूर्व वाटायचे कारण नाही. कल्याणजवळच्या हाजी मलंगच्या दर्ग्याची वहिवाट एका ब्राह्मण घराण्याकडे चालत आलेली आहे. वेट्झलारमध्ये वेळापत्रक टिकले. मलंगगडावर मात्र १९८० च्या दशकापासून आंदोलने झाली, आणि जानेवारी २०२४ मध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी तिथल्याच उत्सवात गडाच्या 'मुक्ती'ची भाषा केली.

परदेशात राहून आपण यात काय करतो, हा प्रश्न मला जास्त बोचतो. अशा दाव्यांसाठी वर्गणीची आवाहने आपल्याकडे मेलने फिरतात. सह्या करणारे डॉक्टर, इंजिनियर, प्राध्यापक असतात. जर्मन शेजाऱ्याच्या शांत रविवारचे कौतुक करणारेच. मलाही एक आवाहन आले. वर्गणी न देता मी पाठवणाऱ्याला एवढेच लिहिले, "१९४७ नको, तर तुमची तारीख कोणती?" उत्तर आले, "सन ७१२." मग मी विचारले की त्याच न्यायाने आणखी मागे गेलो, तर कार्ल्याच्या बौद्ध चैत्याच्या दारातच उभ्या असलेल्या एकवीरेच्या देवळाचे काय करायचे? माझी आजी दर चैत्रात तिथे नवस फेडायला जायची.